एका शब्दाचा उन्हाळा

मार्च कलला की अंबडच्या रस्त्यांवर पुटपुटणारी पोरं दिसायला लागतात. रसवंतीच्या सावलीत, कोर्टाच्या भिंतीला टेकून, बसस्थानकाच्या बाकड्यांवर. हातात गाईड, डोळे अर्धे मिटलेले आणि ओठ सारखे हलताहेत. आवाज नाही, नुसते ओठ. कडुलिंबाला मोहर आलेला असतो, त्याचा कडवट-गोड वास दुपारच्या झळांबरोबर वर्गात येतो, आणि पंखे तीच गरम हवा परत परत फिरवत राहतात. मी आता इथल्याच कॉलेजात इंग्रजी शिकवते. परीक्षेच्या दिवसांत रांगांमधून फिरणं हे माझं काम. घामेजलेल्या मनगटाखाली शाई पसरते, उत्तरपत्रिकांचे कोपरे फडफडतात, आणि मी उगीच कुणाच्या तरी बाकावरची पडलेली पट्टी उचलून देते.

यंदा भाषाविज्ञानाच्या पेपरात मेंदू आणि भाषा यावर टीप विचारली होती. मागच्या बाकावरची एक मुलगी पेनाचं टोपण चावत बसली होती. मी जवळून गेले तशी हळूच म्हणाली, "मॅडम, एवढंच सांगा. डावी बाजू का उजवी?"

सांगता येत नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. डावी, बाई, डावी. डाव्या कानाच्या थोडं वर, कपाळाच्या मागं. आपल्या मुठीत मावेल एवढीही जागा नाही ती. तिथं माझ्या वडिलांचा सगळा आवाज राहत होता.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अंबडच्या बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. आधी बरीच वर्षं कंडक्टरकी केली, मग गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा खिडकीमागच्या छोट्या खोलीत बसायला मिळालं. समोर वेळापत्रक, बाजूला माठ, आणि टेबलावर माइक. आवाज काही भारदस्त नव्हता त्यांचा. पण स्वच्छ होता, धुतलेल्या भांड्यासारखा. "शहागडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे" असं ते म्हणायचे तेव्हा 'शहागड'मधला 'श' अगदी 'श'च असायचा. घनसावंगी, पाचोड, वडीगोद्री, ही आमची धुळीतली गावं त्यांच्या तोंडून ऐकताना मोठी वाटायची, जणू तिथं काहीतरी पाहण्यासारखं आहे.

गंमत अशी की घरी ते वेगळेच बोलायचे. "उजे, जेवलीस का न्हाई? मी मघाशीच आल्तो, तू झोपली व्हतीस." माझं नाव उज्ज्वला, पण घरात उजी. मात्र माइकचं बटण दाबलं की त्यांच्या 'न्हाई'चं 'नाही' व्हायचं, 'मंग'चं 'त्यानंतर' व्हायचं. एकाच माणसाच्या तोंडात भाषेची दोन दालनं असतात आणि मधलं दार माणूस नकळत उघडतो-मिटतो, हे मला पुढं विद्यापीठात शिकवलं. सर ते फळ्यावर लिहीत होते तेव्हा मी मनातल्या मनात हसत होते. हे तर मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते.

बी.ए. झाल्यावर मी इंग्रजीत एम.ए. करायचं म्हटलं आणि त्यातही भाषाविज्ञान घ्यायचं ठरवलं, तेव्हा अण्णांनी विचारलं, "म्हंजे त्याच्यात काय शिकवतेत?"

"माणूस बोलतो कसा, ते शिकवतात."

"आन् आपण काय करून राह्यलो मंग इतके दिवस?"

माय चुलीजवळून हसली. घरात गॅस असला तरी भाकरी ती चुलीवरच करायची. अण्णा मात्र हसले नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "जा. बिलकुल जा. बोलण्याचं शास्त्र असंल तर ते आपल्याच घरात यायला पायजे."

विद्यापीठातला पहिला तास मला अजून लख्ख आठवतो. आमचे देशमाने सर, उंच, जरा वाकलेले, खडू न घेताच वर्गात आले आणि म्हणाले, "सगळ्यांनी गळ्यावर बोटं ठेवा. आता म्हणा, स्स्स. आता म्हणा, झ्झ्झ." वर्ग आधी खिदळला, मग गप्प झाला. 'स'ला गळा शांत होता. 'झ'ला बोटांखाली काहीतरी थरथरत होतं, चिमणी धरावी तसं. आपल्या गळ्यात हे आहे, जन्मापासून आहे, आणि आपण कधी हात लावून बघितलं नाही, या नुसत्या गोष्टीनं मला भरून आलं होतं.

त्याच तासाला माझ्या शेजारी नसीम बसली होती. जालन्यातल्या नवीन जालना भागातली. वडिलांचं स्टेशनजवळ शिलाईचं दुकान, घरात उर्दू, बाहेर मराठी, आणि आता ही इंग्रजी शिकायला आलेली. सरांनी घशातून निघणारा 'क' म्हणजे काय ते विचारलं आणि कुणालाच येईना, तेव्हा नसीमनं ओढणी सारखी करत उभं राहून 'क़लम' म्हणून दाखवलं. सरांनी तिला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला आणि टाळ्या वाजवल्या. ती लाजली, पण बसताना माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अम्मी रोज ऐसेच बोलती, उज्जू. किसीने कभी खडे करके ताली नहीं बजाई."

सुट्टीला घरी आले तेव्हा मी अण्णांना आणि मायला ओसरीवर बसवून गळ्यावर हात ठेवायला लावला. स्स्स. झ्झ्झ. मायला हसू आवरेना. अण्णा मात्र गंभीरपणे करत राहिले. मग एकदम म्हणाले, "उजे, म्हंजे मी दिवसभर माइकवर बोलतो तवा हे आतमधी असंच हालत असंल?" मी हो म्हटलं. त्यांनी हात गळ्यावरून काढलाच नाही. चहा येईपर्यंत तसाच ठेवून काहीबाही बोलत राहिले, स्वतःचंच बोलणं बोटांनी ऐकत.

ते वर्ष असं सरलं. होस्टेलच्या खोलीत नसीम आणि मी एकमेकींना शब्द लिहून द्यायचो, ध्वनींच्या खुणांमध्ये. माझा प्रबंध अंबडकडची पोरं इंग्रजी उच्चारताना काय करतात यावर होता. 'स्कूल'च्या आधी 'इ' कुठून येते, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आमच्या तोंडात एकच कसे होतात, असलं काहीतरी. अण्णांना त्याचा फार अभिमान. स्थानकावरच्या चहावाल्यालासुद्धा ते सांगायचे की आमची उजी तुझ्या पोराच्या बोलण्यावर पुस्तक लिहून राह्यली.

दुसऱ्या वर्षाच्या शिमग्यानंतरची गोष्ट. ऊन नुकतं चढायला लागलं होतं. दुपारी लायब्ररीत असताना फोन आला, अण्णांच्या बरोबरच्या एका कंडक्टरचा. "पोरी, घाबरू नको. अण्णाला जालन्याला घेऊन चाललो. तू सरळ तिकडंच ये." घाबरू नको म्हणणाऱ्या माणसाचा आवाजच घाबरलेला होता. नसीमनं माझी पिशवी भरली, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "चल, मैं आती साथ में. जल्दी चल."

काय झालं ते मला नंतर चहावाल्यानं सांगितलं. अण्णा माइकवर होते. शहागडच्या गाडीची सूचना देत होते. "शहागडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली..." आणि पुढचं 'आहे' आलंच नाही. परत "लागली." परत "लागली." परत. लोकांना वाटलं माइक बिघडला. काही पोरं हसली, नकला करायला लागली. चहावाला हसत हसत खिडकीशी गेला आणि त्यानं बघितलं, अण्णांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, उजवा हात टेबलावरून लोंबतोय, आणि डावा हात माइक घट्ट धरून आहे. डोळे उघडे. ते सूचना पूर्ण करायचा प्रयत्न करत होते.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मायला समजेल असं सांगितलं, की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली, जीव वाचलाय, हातपाय हळूहळू थोडे सुधारतील. बोलण्याचं काही सांगता येत नाही. मायनं माझ्याकडं बघितलं. "उजे, तू तेच शिकून राह्यली ना? मंग सांग ना डाक्टरांना, काय करायचं ते." डॉक्टरांनीही माझ्याकडं बघितलं. मला त्या भागाचं नाव माहीत होतं. कुणा डॉक्टरानं तो कधी शोधला, कसा शोधला, सगळं माहीत होतं. आठवडाभर आधी मी त्यावर टिपण लिहिलं होतं. मी खाटेपाशी गेले. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, ओळखलं, डोळे भरले. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. मग खोल विहिरीतून बादली यावी तसा एक शब्द वर आला.

"लागली."

त्यांच्याजवळ तेवढाच शब्द उरला होता.

घरी आणल्यावर तो शब्द घरभर फिरायला लागला. त्यांना सगळं समजत होतं. आलेल्या माणसाला ओळखायचे, हसायच्या गोष्टीला हसायचे, मायनं मीठ जास्त घातलं की तोंड वाकडं करायचे. बोलायला गेले की मात्र तेवढंच. आणि आमची भाषा अशी की त्या एका शब्दात अख्खा संसार मावतो. माय खाटेजवळ बसून विचारायची, "भूक लागली? तहान लागली? झोप लागली का? उचकी लागली? थंडी लागली? न्हाई? मंग काय, कुठं टोचलं? काही लागलं का पायाला?" अण्णा मान हलवत राहायचे. कधी जुळलं की दोघंही असे खूश व्हायचे की बाहेरच्याला वाटावं घरात काहीतरी मोठं शुभवर्तमान आलंय. न जुळलं की अण्णा भिंतीकडं तोंड करून झोपायचे.

दुपारच्या वेळी पडवीत बसून मी परीक्षेचा अभ्यास करायचे. मोसंबीच्या बागांवरून येणारा वारा इतका कोरडा असायचा की पानं कडकड वाजायची. समोर इंग्रजी पुस्तक आणि आतून तो शब्द. मी इंग्रजीत त्याचं काय होईल ते बघायचा नाद लावून घेतला. भूक लागली, वेगळं क्रियापद. झोप लागली, वेगळं. गाडी लागली, वेगळं. दृष्ट लागली, आग लागली, नोकरी लागली, गोष्ट मनाला लागली. इंग्रजीत प्रत्येकाला निराळा शब्द शोधावा लागत होता. अण्णा इंग्रज असते तर त्यांच्याजवळ भुकेचा शब्द उरला असता आणि तहानेचा नसता, असा वेडा विचारही मनात येऊन गेला. मराठीनं निदान त्यांना मोठा शब्द दिला, असं वाटायचं. आणि लगेच वाटायचं, मोठा शब्द काय कामाचा? त्यात माणूस हरवूनच जातो.

एके संध्याकाळी मायनं देवापुढं दिवा लावला आणि देवीची आरती म्हणायला सुरुवात केली. रोजचीच. आणि खाटेवरून अण्णांचा आवाज आला. 'लागली' नाही. आरती. पहिल्या ओळीपासून, सगळे शब्द, जोडाक्षरांसकट, त्यांच्या त्या स्वच्छ आवाजात. आपण थांबलो तर अण्णा थांबतील या भीतीनं माय रडत रडत म्हणत राहिली. शेवटच्या कडव्यापर्यंत दोघं बरोबर गेले.

आरती संपली. माय ओरडली, "उजे! बोलले! तुझे अण्णा बोलले!" आणि धावत शेजारी गेली.

मी जागची हलले नाही. मला ते पान आठवत होतं. पाठ केलेलं गाणं, आरती, अंक म्हणणं, हे निराळ्या वाटेनं येतं. ज्यांचं बोलणं गेलंय अशी माणसंही गातात. पुस्तकात हे दोन ओळींत होतं, मी त्याखाली पेन्सिलीनं रेघही मारलेली. शेजारच्या बाया आल्या, हळदीकुंकू झालं, कुणी देवीच्या डोंगरावर नारळ फोडायचं बोलून गेलं. सगळ्या खाटेभोवती उभ्या राहिल्या. "बोला अण्णा, काहीतरी बोला ना." अण्णांनी सगळ्यांकडं बघितलं, ओठ ओले केले. आणि त्यांच्या तोंडून काय येणार हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

त्यांच्या तोंडून 'लागली' आलं तेव्हा मायच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी बघू शकले नाही. पण मायनं आशा सोडली नाही. त्यानंतर ती रोज दोनदा आरती म्हणायला लागली, सकाळी आणि संध्याकाळी. मी तिला पुस्तकातलं कधीच सांगितलं नाही. आजही नाही. रोज दोन वेळा त्या घरात नवरा-बायकोचा आवाज एकत्र निघत होता. त्यात मी काय सांगायचं होतं?

मी माझ्या परीनं अण्णांना शिकवायला घेतलं. दाढीचा आरसा त्यांच्यापुढं धरायचा, शेजारी माझं तोंड. ओठ गोल करा, अण्णा. असे. जीभ मागं. उ. माझ्या नावाचं पहिलं अक्षर, म्हणून तेच निवडलं. ते मन लावून करायचे. कपाळावर घाम यायचा. ओठ गोल व्हायचे आणि आवाज यायचा तो 'ला'. मग चिडायचे, आरसा ढकलायचे. मग थोड्या वेळानं स्वतःच आरशाकडं बोट दाखवायचे. ज्या माणसानं मला 'अ' म्हणायला शिकवलं असेल त्याला मी 'उ' शिकवत होते, आणि तो बिचारा चुकला की माझी माफी मागितल्यासारखा बघायचा.

त्याच दिवसांत सरांचा फोन आला. चौकशी केली, मग म्हणाले, "उज्ज्वला, एक विचारतो. जड वाटलं तर लगेच सोडून दे. वडिलांच्या बोलण्याची नोंद ठेवता आली तर बघ. आपल्या भाषेत अशा नोंदी फार कमी आहेत. त्यांची इच्छा असेल तरच हं." सर भला माणूस. त्यांच्या आवाजात ओशाळलेपण होतं. मी ते स्वयंपाकघरात मायला सांगितलं तर ती भडकली. "बाप हाय तो तुझा! पुस्तकातला धडा न्हाई. सांग तुझ्या सराला."

मलाही तसंच वाटत होतं. पण ओसरीवरून अण्णांनी ऐकलं होतं. मी बाहेर आले तशी त्यांनी डाव्या हातानं माझा फोन मागितला. दिला. त्यांनी तो तोंडासमोर धरला, ज्या अंतरावर माइक धरायचे अगदी त्याच अंतरावर, आणि मान हलवून मला खुणावलं. चालू कर.

"अण्णा, राहू द्या. त्याची बिलकुल गरज नाही."

त्यांनी परत मान हलवली, जोरात. मी चालू केलं. ते उशीला टेकून ताठ बसले. घसा खाकरला, ड्युटीवर खाकरायचे तसा. आणि सुरुवात केली. एकच शब्द, पण त्याला चढ-उतार होते. कुठं थांबायचं, कुठं आवाज उचलायचा, सगळं जागेवर होतं. ती एक पूर्ण सूचना होती, फक्त गावांची नावं आणि गाड्या तिच्यातून उतरून गेल्या होत्या. बोलून झाल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. माय दारात उभी होती. ती वळून आत गेली.

मी ते प्रबंधात घातलं नाही. सरांना सांगितलं, नाही जमणार. सर म्हणाले, "बरोबर केलंस." परत त्यांनी तो विषय काढला नाही.

आणि मग एका सकाळी, मी अंगण झाडत असताना, आतून आवाज आला. "उ." मी झाडू टाकून आत पळाले. अण्णा आरशाशिवाय, आपले आपण, ओठ गोल करून बसले होते. "उ." मी त्यांच्या गळ्यावर हात ठेवला. बोटांखाली ती थरथर होती. त्या दिवसापासून मी घरात उजी राहिले नाही, उ झाले. पाणी पाहिजे, उ. उशी सरळ कर, उ. कुणीतरी दारात आलंय, उ. माय लटक्या रागानं म्हणायची, "सगळं 'उ'लाच सांगतेत. माझ्या नावानं काय घोडं मारलं?" त्या आठवड्याइतकं सुख मला नंतर कधी मिळालं नाही, आणि आधीही मिळालं असेल असं आठवत नाही.

लेखी परीक्षेला मी होस्टेलवर गेले. जाताना अण्णांनी डाव्या हातानं टाटा केला. मेंदू आणि भाषा यावरचा मोठा प्रश्न आला होता. मी लिहीत सुटले. पुरवणी मागितली, परत पुरवणी मागितली. नियम, अपवाद, उदाहरणं. उदाहरणात मी एका रुग्णाचं लिहिलं जो गाऊ शकतो पण बोलू शकत नाही. 'अ पेशंट' असं लिहिलं. बाहेर नसीम पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "कैसा गया?" मी म्हटलं, "सगळ्यात चांगला." आणि तिथंच पायरीवर बसून मला रडू फुटलं. नसीमनं ओढणीचं टोक पाण्यात भिजवून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि शेजारी बसून राहिली. नसीम आता लग्न होऊन हैदराबादला असते, तिकडं शाळेत शिकवते. फोनवर आम्ही तासभर बोलतो, पण त्या पायरीबद्दल दोघीही बोलत नाही.

परत आले तेव्हा वैशाख ऐन भरात होता. अण्णा खंगले होते. 'उ' अजून होतं, पण क्षीण झालेलं. त्या दिवशी दुपारी माय बाजारात गेली होती आणि मी खाटेशी बसून वारा घालत होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "उ." मी वाकले. मग, फार स्पष्ट, "लागली."

"तहान लागली?"

मान हलली. नाही.

"भूक? झोप? कुठं दुखतंय का? मायची ओढ लागली? बोलावू तिला?"

नाही. नाही. मी मला येत होते ते सगळे शब्द त्यांच्यापुढं ठेवले. ऊन लागलं? मनाला काही लागलं? काळजी लागली, माझी काळजी? घाईघाईनं, एकामागून एक, जशी किल्ल्यांच्या जुडग्यातली प्रत्येक किल्ली लावून बघावी. प्रत्येकाला ते शांतपणे नाही म्हणत होते. चिडत नव्हते. शेवटी माझे शब्दच संपले. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि थोपटायला लागले, जशी मीच आजारी आहे, जसं मलाच काहीतरी सांगता येत नाहीये.

तिन्हीसांजेला दुसरा झटका आला. जालन्याला न्यायला जीप आली तोवर सगळं संपलं होतं.

काय लागलं होतं त्यांना, मला आजतागायत कळलेलं नाही. एवढं शिकले, एवढं शिकवते, हजार वाक्यं फळ्यावर लिहून त्यांचे अर्थ सोडवले. तेवढं एक सुटलं नाही. जुना विद्यार्थी फोन करून म्हणतो, "मॅडम, नोकरी लागली," आणि माझ्या तोंडून अभिनंदन निघायला जरासा उशीर होतो. माय उन्हातून येऊन पदरानं तोंड पुसत म्हणते, "लई तहान लागली," तर मी उठून पाणी देते, आणि ती पिऊन होईपर्यंत तिच्याकडं बघत राहते. कदाचित तो शब्द अर्थाचा नव्हताच. कदाचित त्यांना नुसता माझ्याशी आवाज करायचा असेल. असं मी स्वतःला समजावते. भाषाविज्ञानात यालाही नाव आहे. पण डोक्यावरचा तो हात आठवला की पटत नाही. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि ते नक्की होतं.

तेराव्यानंतर प्रबंधाची तोंडी परीक्षा आली. मी जाणार नव्हते. मायनंच पातळाची घडी माझ्या हातात दिली. "जा. त्यांनी लोकाला सांगून ठेवलंय, उजी पुस्तक लिहून राह्यली म्हणून. आता त्यांना खोटं पाडू नको." जून उजाडला होता, आभाळ कोरडं ठाक होतं. विभागाच्या बोळात कूलरचा घरघराट आणि वाळ्याचा ओला वास. आत देशमाने सर आणि बाहेरून आलेले एक वयस्क परीक्षक. मला बसायला सांगितलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते ते त्या पाहुण्या सरांनी बघितलं असणार. त्यांनी माझा प्रबंध बाजूला ठेवला, पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला आणि प्रेमानं इंग्रजीत म्हणाले, की घाबरू नकोस, आधी थोडं घरचं बोलू. "व्हॉट डज युअर फादर डू?"

देशमाने सर एकदम पुढं वाकले. त्यांना अडवायचं होतं. पण प्रश्न विचारून झाला होता.

मी पेल्याकडं बघितलं, मग पाहुण्या सरांकडं.

"माय फादर वर्क्स अ‍ॅट द बस स्टँड, सर," मी म्हणाले. "ही अनाउन्सेस द बसेस."

"ओह! देन ही मस्ट बी अ गुड स्पीकर."

"येस सर. ही स्पीक्स व्हेरी वेल."

ते खुशीत हसले. देशमाने सरांनी चष्मा काढला आणि खिडकीकडं तोंड करून बराच वेळ तो पुसत राहिले. माझा आवाज कापला नव्हता, वर्तमानकाळ चुकला नव्हता, क्रियापदं जिथल्या तिथं होती. मराठीत हे वाक्य माझ्या तोंडून निघालंच नसतं. पाहुण्या सरांनी प्रबंध उघडला आणि पहिला प्रश्न विचारला.